उचल

दसरा झाला की पट अर्धा होतो.
सातवीत त्रेचाळीस होते, एकोणीस उरले,
काही हंगामी वसतिगृहाच्या खिचडीवर,
काही आज्यांच्या पदराला.

भूगोलाचा तास. ऋतू कसे होतात.
पृथ्वीचा आस तेवीस अंश कललेला आहे,
हे मी दोनदा सांगितलं.
खिडकीबाहेर धारूरचा घाट, आणि घाटातून
सकाळपासूनचा तिसरा ट्रॅक्टर उतरत होता,
वर पत्रे, पेट्या, कोंबड्यांची डालगी,
सगळ्यात वर कुणाचं तरी लेकरू.
अख्खा वर्ग मान वळवून
कुणाचं ते ओळखत होता.

मग मी आस सोडून दिला.
म्हटलं, लांब एक देश आहे, ग्रीस.
तिथं डिमीटर नावाची देवी होती, धान्याची.
येळवशीला आपण ज्वारीच्या रानात
कडब्याच्या कोपीत जिला पुजतो
तिच्या नात्यातली समजा.
तिची एकुलती लेक पर्सिफनी
फुलं तोडत होती तर जमीन फाटली,
पाताळाचा राजा हेडीस काळ्या घोड्यांचा रथ घेऊन वर आला
आणि तिला घेऊन गेला.

"पळवली का दिली?" मागून माणिक.
बापानं शब्द दिला होता, मी म्हणालो.
झ्यूस. सगळ्या देवांत थोरला.
आईला विचारलं नव्हतं.
मुलं हसली. मुलींची रांग हसली नाही.
त्या रांगेत दुसऱ्या बाकावर
मागच्या साली अयोध्या बसायची.
कोयत्याला जोडी लागते.

आई नऊ दिवस मशाली घेऊन फिरली.
मग तिनं बी जमिनीतच कुजू दिलं.
माणसं मरत होती तोवर देव गप्प होते,
नैवेद्य बंद झाला तेव्हा त्यांना जाग आली.
लेक परत मिळायची ठरली, पण तिनं खाली
डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले होते.
एका माळ्यानं ते पाहिलं, साक्ष दिली.
जिथलं खाल्लं तिथली झाली.
सहा महिने खाली, सहा महिने वर.

"म्हंजे उचल घेतली तिनं," शिवकन्या म्हणाली.

माझ्या हातात खडू होता, फळ्यावर अर्धी पृथ्वी.

"आन् त्यो माळी म्हंजे मुकादम."
मी म्हणालो, आईनं त्याचं घुबड करून टाकलं.
टाळ्या पडल्या.
एवढ्या टाळ्या माझ्या तासाला कधी पडल्या नव्हत्या.

"डाळिंब कामून खाल्लं पर?
सीताफळ खायचं सर. बी थुंकता येती.
मोजायला त्यांच्या हाती काय राहत न्हाई."

तास संपत आला होता.
ती बसली, पुन्हा उठली.
"पर ही गोष्ट उलटी हाय. आमच्यात आई जाती."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
धान्याची देवीच खाली गेली
तर वर रुसायचं कुणी?
लेकीनं?
तिला पहाटे दोन धाकट्यांच्या वेण्या,
एकाचं नाक, आजीच्या गोळ्या.
तिनं भाकरी थापायची थांबवली
तर कुठल्या देवाचा नैवेद्य अडतो?

पुस्तकात वसंत फुलं घेऊन येतो.
इथं तो चैत्र सरताना येतो,
पारा बेचाळीसवर, पळसही झडून गेलेला,
उसाच्या पाचटानं ओरबाडलेल्या हातांनी
ट्रॅक्टरच्या फाळक्यावरून खाली उतरतो
आणि आधी विचारतो,
जेवलीस का.

संध्याकाळी शिवकन्येनं एक सीताफळ आणून दिलं,
डोळे उघडलेलं, तिच्या आईनं
जाण्याआधी भुश्यात पिकायला घातलेलं.
वसतिगृहाच्या पायरीवर बसून खाल्लं.
बिया थुंकत, मोजत गेलो.
उदगीरकडं बदली मागितलेल्या अर्जाला
तीन वर्षं झाली, खणात प्रत आहे.

एकेचाळीस भरल्या.
एक गिळली गेली बहुतेक.